फोन झोपतो तेव्हा आपलं काम कोण करतं?

पोस्ट मोठी आहे मंडळी, चहा घेऊन बसा. विषय मोबाईलचा असला तरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

आमचे अण्णा ७६ वर्षांचे. शुगर आणि बीपी दोन्ही. रात्री ८ ची गोळी चुकू नये म्हणून मी त्यांच्या फोनमध्ये आठवण करून देणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. पहिले तीन आठवडे रोज वाजलं. घरातल्या सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली की गोळ्यांची डबी उघडून बघणंच आम्ही सोडलं. मग एकदा डॉक्टरांकडे नेलं तर बीपी वाढलेलं. घरी येऊन डबी मोजली, पाच दिवसांच्या गोळ्या तशाच. अ‍ॅप पाच दिवस वाजलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, "वाजलं नाही म्हणजे घ्यायची नसेल, असं वाटलं मला."

निभावलं. पण मला राग आला होता. आमच्या गल्लीतला एक पोरगा इंजिनिअर आहे, तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी अ‍ॅप तयार करतो. त्याला फोन दाखवला. त्याने सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत दाखवलं: त्या अ‍ॅपचा बॅटरी वापर 'रिस्ट्रिक्टेड' झालेला. म्हणजे स्क्रीन बंद असताना त्या अ‍ॅपने काही करायचं नाही.

त्याने विचारलं, "अण्णा, 'हे अ‍ॅप बॅटरी खातंय, आवरू का' असं काही आलं होतं का फोनवर?"

"आलं होतं बाबा. मी हो म्हटलं. बॅटरी वाचते ना."

आता सांगा, चूक कोणाची? अण्णांची? अ‍ॅपवाल्याची? फोन कंपनीची? पोरगा म्हणाला, "दादा, याचं उत्तर एका वाक्यात नाही. हे भांडण तुमच्या पहिल्या मोबाईलपासून चालू आहे." मग मी तो इतिहास खणला. तोच इथे मांडतोय.

मुळात अडचण काय?

आपण फोन खिशात ठेवला की आपल्या लेखी तो बंद. पण आतल्या अ‍ॅपना कामं असतात. मेसेज आणायचे, फोटो वर पाठवायचे, ८ वाजता घंटा वाजवायची, गाणं चालू ठेवायचं. याला बॅकग्राउंडचं काम म्हणतात. प्रत्येक कामासाठी फोनच्या मेंदूला जागं व्हावं लागतं, नेटवर्कचा रेडिओ चालू करावा लागतो, आणि बॅटरी तर एकच. घरात एक पाण्याची टाकी आणि पन्नास नळ, तसा प्रकार. कोणता नळ कधी सोडायचा, हे कोणी ठरवायचं, एवढाच हा सगळा वाद आहे.

जुन्या नोकियाच्या सिम्बियन फोनवर एकाच वेळी अनेक अ‍ॅप चालायची. मेनूचं बटण दाबून धरलं की चालू अ‍ॅपची यादी यायची, आठवतंय? मेमरी भरली की फोनच सांगायचा, काहीतरी बंद करा. कारभारी आपणच होतो. तेव्हा अ‍ॅपच मोजकी होती, म्हणून चाललं.

२००८: एकाने दार लावलं, एकाने सताड उघडं ठेवलं

जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलने आयफोनसाठी अ‍ॅप स्टोअर उघडलं. बाहेरच्या डेव्हलपरांना अ‍ॅप बनवायची मुभा दिली, पण एक कडक अट घातली. तुमचं अ‍ॅप स्क्रीनवर आहे तोवरच चालेल. माणूस बाहेर पडला की अ‍ॅप संपलं. बॅकग्राउंडला काही नाही. कारण दिलं ते बॅटरीचं आणि फोन हळू होण्याचं.

मग मेसेज आला तर कळणार कसं? त्यावर अ‍ॅपलचं उत्तर असं की अ‍ॅपने जागं राहायचंच नाही. निरोप अ‍ॅपवाल्याच्या सर्व्हरवरून अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे जाईल आणि तिथून फोनवर. फोन एकच लाईन उघडी ठेवेल, सगळ्या अ‍ॅपचे निरोप त्याच लाईनने येतील. गावात पन्नास जणांनी आपापलं पत्र आणायला रोज तालुक्याला जाण्यापेक्षा एक पोस्टमन बरा, असा तो हिशेब. हेच आजचं पुश नोटिफिकेशन. सप्टेंबर २००८ ला देऊ म्हणाले आणि दिलं जून २००९ मध्ये. पण आज तुमच्या फोनवर जे टुण्ण वाजतं त्याची मांडणी तीच.

त्याच २००८ च्या ऑक्टोबरमध्ये गुगलच्या अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. त्यांचं धोरण नेमकं उलटं. अँड्रॉइडमध्ये 'सर्व्हिस' नावाची सोय पहिल्यापासून होती. अ‍ॅपने सर्व्हिस सुरू करायची आणि स्क्रीन बंद असली तरी काम करत बसायचं. फारसं विचारायची गरज नाही.

डेव्हलपर खूश. माणसं मात्र संध्याकाळ व्हायच्या आत चार्जर शोधायला लागली. मग 'टास्क किलर' नावाच्या अ‍ॅपची लाट आली. एक बटण दाबलं की चालू असलेली सगळी अ‍ॅप मारायची. आपल्यातल्या अनेकांनी ते टाकलं होतं, मीही. गंमत अशी की मारलेली बरीच अ‍ॅप लगेच पुन्हा उठायची, आणि त्या उठण्यातच आणखी बॅटरी जायची. रोग तो रोग, औषधही रोगच.

२०१०: दाराला खिडक्या

पूर्ण बंद दार अ‍ॅपललाही परवडेना. गाणं ऐकता ऐकता मेल बघता येत नाही, ही तक्रार वाढली. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी आयफोनच्या चौथ्या आवृत्तीत मल्टिटास्किंग जाहीर केलं, जूनमध्ये ते आलं. तेव्हाही दार उघडलं नाही, ठरावीक खिडक्या उघडल्या. गाणं वाजवायचंय? चालेल. इंटरनेटवरून कॉल? चालेल. रस्ता दाखवायचाय? चालेल. अर्धवट काम संपवायला थोडा वेळ हवाय? घ्या. बाकी अ‍ॅप गोठवून ठेवणार.

इथे पहिल्यांदा एक गोष्ट ठरली आणि ती पुढे सगळ्यांनी मान्य केली. "मला बॅकग्राउंडला चालायचंय" एवढं म्हणून भागत नाही. कशासाठी, ते सांगावं लागतं.

२०१३ मध्ये अ‍ॅपलने आणखी एक पाऊल टाकलं. अ‍ॅपला अधूनमधून उठून ताजी माहिती आणायची परवानगी दिली, पण कधी उठवायचं ते सिस्टिम ठरवणार. तुम्ही रोज सकाळी ७ ला बातम्यांचं अ‍ॅप उघडत असाल तर ७ च्या आधी ते उठवलं जाण्याची शक्यता जास्त. महिनोन्‌महिने न उघडलेलं अ‍ॅप मागे राहणार.

२०१४ ते २०१९: अँड्रॉइड शिस्तीला लागलं

इकडे अँड्रॉइडला उधळलेला बैल आवरायचा होता. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये 'जॉबशेड्युलर' आला. त्याची कल्पना आपल्याकडच्या वडापसारखी आहे. वडाप जीप घड्याळ बघून सुटत नाही, भरली की सुटते. तसं अ‍ॅपने फक्त काम आणि अट सांगायची: 'वायफाय असेल तेव्हा', 'चार्जिंगला असेल तेव्हा'. सिस्टिम पाच-दहा अ‍ॅपची कामं गोळा करून एकाच खेपेत उरकणार. रेडिओ एकदाच चालू, बॅटरी वाचली.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत 'डोझ' आलं, म्हणजे डुलकी. फोन टेबलावर पडून आहे, स्क्रीन बंद, चार्जरही नाही, म्हटल्यावर सिस्टिम सगळ्या अ‍ॅपची कामं थोपवणार आणि अधूनमधून थोड्या वेळाची फट देणार. त्यातही रात्र वाढेल तशा फटी लांब होत जाणार.

२०१७ च्या अँड्रॉइड ८ ने तर मूळ 'सर्व्हिस'लाच हात घातला. अ‍ॅप स्क्रीनवरून गेलं की काही मिनिटांत त्याची सर्व्हिस बंद. चालू ठेवायचीच असेल तर वर नोटिफिकेशन लावा, लोकांना दिसू द्या की आपण काम करतोय. रस्ता दाखवणाऱ्या किंवा गाण्याच्या अ‍ॅपची जी पट्टी वर सतत दिसते ना, ती यामुळे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने अ‍ॅपची प्रतवारी लावली: रोजचं, अधूनमधूनचं, क्वचितचं. क्वचित उघडता त्या अ‍ॅपचं काम दिवसभरही लांबू शकतं.

या काळात डेव्हलपरांचे फार हाल झाले. एकच काम करायला चार-पाच वेगवेगळी हत्यारं, प्रत्येक अँड्रॉइड आवृत्तीवर वेगळं वागणारी. गुगलचीच एक लायब्ररी यायची, वर्षा-दोन वर्षांत ती मोडीत काढून दुसरी यायची. शेवटी मे २०१८ मध्ये गुगलने 'वर्कमॅनेजर' जाहीर केला, मार्च २०१९ मध्ये त्याची पक्की आवृत्ती आली. तुम्ही काम आणि अट सांगा, फोनच्या आवृत्तीप्रमाणे हत्यार आम्ही निवडू. फोन बंद करून चालू केला तरी काम यादीतून जाणार नाही. पण ठरावीक अंतराने करायचं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने मागता येणार नाही, आणि १५ म्हणजे बरोबर १५ अशी हमीही नाही. त्याच २०१९ मध्ये अ‍ॅपलनेही साधारण तशाच वळणाची व्यवस्था आणली.

म्हणजे बघा, एक पूर्ण बंद दारापासून निघाला, दुसरा सताड उघड्या दारापासून, आणि दहा-अकरा वर्षांत दोघं जवळपास एकाच उंबऱ्यावर आले. काम काय ते अ‍ॅप सांगणार. कधी करायचं ते सिस्टिम ठरवणार.

ऐकायला छान आहे. पण यात एक गोष्ट निसटली. तुम्हाला-आम्हाला वाटतं की अ‍ॅपने शब्द दिलाय. प्रत्यक्षात त्या अ‍ॅपने फक्त अर्ज केलेला असतो.

२०२०: जेव्हा सरकारंही अडली

या वादाची किंमत सगळ्या जगाला कोरोनात कळली. मार्च २०२० मध्ये सिंगापूरने 'ट्रेसटुगेदर' अ‍ॅप काढलं. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथने एकमेकांची नोंद घ्यायची, पुढे कोणी पॉझिटिव्ह निघाला तर बाकीच्यांना कळवायचं. कल्पना चांगली. पण आयफोनवर अ‍ॅप स्क्रीनवर उघडं नसेल तर ते नीट चालेना. लोकांना सांगावं लागलं, अ‍ॅप उघडं ठेवा. खिशात, दिवसभर, स्क्रीन चालू ठेवून! कोण ठेवणार?

ब्रिटनने स्वतःचं अ‍ॅप बनवलं, आइल ऑफ वाइट या बेटावर चाचणी घेतली. १८ जून २०२० ला ते गुंडाळल्याचं जाहीर केलं. कारण त्यांच्याच आकड्यांनुसार ते अ‍ॅप अँड्रॉइड फोन ७५ टक्के ओळखत होतं आणि आयफोन फक्त ४ टक्के. हा सगळा बॅकग्राउंडच्या नियमांचा फटका.

त्याच्या आधीच, एप्रिल २०२० मध्ये, अ‍ॅपल आणि गुगल एकत्र आले होते आणि मे महिन्यात त्यांनी ही नोंद घ्यायची सोय सिस्टिममध्येच बसवून दिली. त्यांच्या अटी अशा की लोकेशन घ्यायचं नाही, संपर्काच्या नोंदी सरकारी सर्व्हरवर गोळा न करता फोनमध्येच राहतील. इंग्लंड आणि वेल्सचं दुसरं अ‍ॅप सप्टेंबरमध्ये याच पायावर आलं. आपलं आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं होतं. आपण त्या व्यवस्थेवर गेलो नाही. ब्लूटूथ आणि लोकेशन सतत चालू ठेवा, हेच आपल्याला सांगितलं गेलं.

कोणाची अट बरोबर, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. लोकेशन मागू नका ही अट मला स्वतःला पटते. पण मुद्दा दुसराच आहे. निवडून आलेल्या सरकारला साथीच्या दिवसांत एक काम करायचं होतं, आणि ते कसं करायचं याची चौकट दोन कंपन्यांनी ठरवली. फोनमधल्या एका बारीक तांत्रिक नियमात एवढी ताकद असते.

त्यात फोन कंपन्यांचा हात

सिस्टिमचे नियम निदान लिहिलेले तरी असतात. काही अँड्रॉइड फोन कंपन्या त्यावर आपले वेगळे नियम लावतात. जाहिरातीत 'दोन दिवस बॅटरी' म्हणता यावं म्हणून अ‍ॅप परस्पर बंद करतात. 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळीच परवानगी ठेवतात, जी मूळ अँड्रॉइडमध्ये नाहीच. ज्यांची अ‍ॅप जगभर गाजलेली आहेत त्यांना बऱ्याचदा सवलत मिळते. छोट्या गावच्या पोराने बनवलेलं अ‍ॅप मरतं. याला कंटाळून काही डेव्हलपरांनी 'डोन्ट किल माय अ‍ॅप' नावाची वेबसाईटच काढली. कोणत्या कंपनीचा फोन अ‍ॅपना किती छळतो आणि सेटिंग कुठे बदलायचं, ते तिथे लिहिलंय. नावातच सगळं आलं.

मग निवड करायची कशी? दूध डेअरीची गोष्ट

आमच्या त्या पोराचं उदाहरण घ्या. पहाटे साडेपाचला दूध संकलन सुरू. लिटर, फॅट, एसएनएफ अशी प्रत्येक शेतकऱ्याची नोंद फोनमध्ये होते. वाडीवर रेंज नाही. नोंद संघाच्या सर्व्हरवर गेली पाहिजे, कारण दहा दिवसांचा पगार त्यावर निघतो.

पहिल्या वर्षी त्याने सर्व्हिस लावली, दर मिनिटाला रेंज बघायची. केंद्रावरच्या माणसाचा फोन दुपारी बाराला बंद पडायला लागला. मग नवीन फोन आले तर त्यांनी ती सर्व्हिसच मारली. नोंदी अडकल्या, शेतकरी भांडायला आले.

आता तो म्हणतो, कोड लिहायच्या आधी चार प्रश्न विचारायचे.

पहिला, हे काम थांबू शकतं का? नोंद ५:४० ऐवजी ७ ला गेली तर काही बिघडत नाही. मग ते वर्कमॅनेजरला द्यायचं, अट एकच, नेटवर्क असलं पाहिजे.

दुसरा, ते घड्याळावर चालतं का? गोळीची आठवण ८ वाजता म्हणजे ८ वाजता. तिथे वडाप चालत नाही, वेळेवर सुटणारी एसटीच लागते. त्यासाठी नेमक्या वेळेचा अलार्म वेगळा असतो आणि अलीकडच्या अँड्रॉइडवर त्याची वेगळी परवानगी मागावी लागते.

तिसरा, माणूस आत्ता त्याची वाट बघतोय का, आणि ते दिसत राहिलं तर चालेल का? रस्ता दाखवणं, मोठा व्हिडिओ पाठवणं. मग नोटिफिकेशन लावून उघडपणे चालवायचं. यातही आता मर्यादा आहेत. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून कामाचा प्रकार जाहीर करावा लागतो, आणि २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये डेटा पाठवण्याच्या अशा कामाला २४ तासांत ६ तासच मिळतात.

चौथा, बातमी बाहेरून येणार आहे का? मग फोनने सारखं विचारत बसू नये. पोस्टमन आहे, पुश वापरा.

आणि या चारांच्या वर त्याने एक गोष्ट केली ती मला सगळ्यात आवडली. काम कधीही अर्धवट तुटू शकतं आणि पुन्हा सुरू होऊ शकतं, हे त्याने धरूनच चाललंय. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःचा नंबर. तीच नोंद दोनदा पोचली तरी दूध दोनदा धरलं जात नाही. आणि स्क्रीनवर प्रत्येक नावासमोर साधी खूण: 'पोचलं' किंवा 'अजून फोनमध्येच'. शेतकरी स्वतः वाकून बघतो. तेव्हापासून भांडणं जवळपास मिटली.

आपल्याशी संबंध काय?

आज आपलं काय काय फोनवर आलंय बघा. पिकाची नोंद, अंगणवाडीची माहिती, हजेरी, बँकेचे निरोप, पावसाचा इशारा, घरातल्या म्हाताऱ्यांचं औषध. यातलं बरंच स्क्रीन बंद असताना व्हायचं असतं. आणि झालं नाही तर फोन ओरडत नाही, गप्प बसतो. अंगणवाडी ताईने माहिती भरलेली असते, वर मात्र 'भरली नाही' दिसतं आणि खुलासा तिलाच द्यावा लागतो.

म्हणून जे कोणी लोकांसाठी अ‍ॅप काढतात, सरकार असो वा संस्था, त्यांना दोन गोष्टी विचारायला शिकूया. माहिती पोचली की नाही हे माणसाला स्पष्ट दिसतं का? आणि फोनच्या नियमामुळे पोचली नाही तर दंड कोणाच्या माथी? 'सर्व्हरवर दिसत नाही' हे उत्तर चालणार नाही.

घरी आजच करा: आई-वडिलांच्या फोनमध्ये औषधाचं किंवा महत्त्वाचं जे अ‍ॅप असेल, त्याचं बॅटरीचं सेटिंग बघा. 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर काढा, 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. ऑटोस्टार्टची परवानगी असेल तर द्या. आणि 'अ‍ॅप बंद करू का' असं फोनने विचारलं तर आधी आम्हाला दाखवा, असं त्यांना सांगून ठेवा.

आमच्याकडे अण्णांचं अ‍ॅप आता वाजतं. पण मी सोबत एक साधं टेबलावरचं घड्याळही आणलंय, ८ चा गजर लावून. आणि डबी रोज रात्री मी स्वतः उघडून बघतो.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. खासकरून अंगणवाडी ताई, आशा ताई आणि दूध केंद्रवाल्यांनी. यावर पुढची बातमी करायची आहे.